दीड

परभणीत जिंतूर नाक्याच्या अलीकडं,
टायरवाल्याच्या मागच्या मोकळ्या जागेत,
हबीब चाऊसनी टेम्पो आधी पत्र्याखालून बाहेर काढायला लावला.
वर तार नको, बाजूला लिंब नको.
"दरवाजे लाव. आन् तू बी लांब हो."
चार पावलं मागं सरले. "अजून."
माणूस जवळ उभं राहिलं की काटा खोटं बोलतो म्हणे.

आमचे दोन टेम्पो.
एकात बांबू, कनाती, गाद्या आणि मी.
दुसऱ्यात जनरेटर, हॅलोजन आणि माझा भाऊ.
येलदरीकडच्या वळणांत मोबाईल मुका होतो,
आणि पिंपळगावं तर आमच्याकडं पोत्यानं.
मागच्या वैशाखात मंडप एका पिंपळगावात उभा राहिला,
जनरेटर दुसऱ्या.
नवरदेव टॉर्चच्या उजेडात घोड्यावरून उतरला.
भानुदास म्हणाला, तू नीट सांगितलं नाहीस.
मी म्हणाले, तू नीट ऐकलं नाहीस.
त्या रात्रीपासून तो माझ्याशी हिशोबापुरतं बोलतो.

मग हे रेडिओ घेतले. जुने, जोडीनं,
एका क्रेनवाल्याकडून, मीटरसकट.

अँटेना मी घरीच जुळवून बघितली होती.
काटा वर असला की कांडी लांब आहे, कापा,
एवढंच कुठंतरी वाचलेलं.
करवतीनं अर्धं बोट कापली.
मग पाव बोट.
मग रागानं एक अख्खं बोट.
काटा तीनच्या वर तसाच,
रुसव्याच्या पाहुण्यासारखा पाय पसरून.

चाऊसनी कांडीच्या टोकावर अंगठा फिरवला,
करवतीची धार अजून तिथं होती.
"कायकू काटी गे?"
मी गप्प.
"बोललेलं बाहेर गेलं नाही की उलटं येतं,
पेटीतच तापत बसतं.
एक दिवस पेटी जळती.
ते कांडीमुळंच असं कुणी सांगितलं तुला?"

खाली वाकून त्यांनी पट्टीचा बोल्ट खोलला.
दसऱ्याला भानुदासनं टेम्पो रंगवलेला, पोपटी,
दोन हात, वर वार्निश,
बोल्टाखालीसुद्धा.
"अर्थिंग कुठाय? गाडी तुझी,
पण कांडीला ठावंच नाही ती गाडीवर उभी आहे."

पत्र्यावर पान्याचं टोक फिरू लागलं.
पोपटी निघाला. खाली पिवळा.
पिवळ्याखाली तांबूस, तो कंपनीचा,
मग लोखंड,
रुपयाएवढं, ओलसर वाटावं असं पांढरं.
दातेरी वायसर घातला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस.

एक नंबरवर माईक दाबला. मग वीसवर. मग चाळीसवर.
एकवर जास्त, चाळीसवर कमी.
"आता आखूड झाली."
एवढं माझं.

मला वाटलं नवी कांडी घ्यावी लागणार.
पण ते बूड धरून बसले, चावीनं स्क्रू सैल केला,
आणि खोबणीत दडलेली कांडी
वर ओढली, तांदूळभर.
मीटर. पुन्हा तांदूळभर.
दरवाजे बंद, मी लांब, मीटर.
टायरवाल्याचा पोरगा दोनदा चहाला बोलवून गेला.

"दीड."
"एक नाही होणार, चाचा?"
"एकला एक किताबात. दीडवर पेटी थंड राहती. बस."

भानुदास तेव्हा झरीच्या फाट्यावर उभा होता, ठरल्याप्रमाणं.
माईक माझ्या हातात दिला.
आधी नुसती खरखर,
गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी,
मग कुठल्या तरी मुलखातलं कुणीतरी
न कळणाऱ्या भाषेत दोन शब्द बोलून बुडालं.

"भानुदास, ऐकू यायलंय का?"

खरखर.

"यायलंय."
थोडं थांबून:
"कोणतं पिंपळगाव म्हणली होतीस?"

मी बटण दाबलं.
सांगायला काहीच सुचेना,
म्हणून दाबूनच धरलं.
काटा तेवढा वेळ दीडवर,
आणि माझ्या चपलेला चिकटलेला
पोपटी रंगाचा चुरा.